बऱ्या पायाची पट्टी

गुणाजी घाडी हा माणूस मला कळला होता असं मी म्हणू शकत नाही. आम्ही एकवीस वर्षं एका चाळीत राहिलो, त्यातली बरीच वर्षं एका गिरणीत एकाच साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कामाला होतो, तरी त्याच्या आईचं नाव मला माहीत नाही. त्याला कुठली मासळी आवडायची, तो देवापाशी काय मागायचा, यातलं काही मला सांगता येणार नाही. सांगता येईल ते एवढंच, की तो आपल्या कुत्रीला कसा फिरवायचा. ते मी जवळून पाहिलं. पत्रं आणि अर्ज सोडले तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं-मागचं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमची चाळ लालबागला. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लाकडी जिना. मी तळमजल्यावर नळाशेजारच्या खोलीत, गुणाजी तिसऱ्या मजल्यावर टोकाला. कुत्री त्यानं अठ्ठ्याहत्तर साली आणली. गिरणीत चिंध्यांचं एक गोदाम होतं, साच्यावरून निघालेली कापडाची कातरणं तिथं टाकायचे. तिथं एक कुत्री व्याली आणि मेली. पिल्लांपैकी एकच जगलं, ते गुणाजीनं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. पांढरी, पाठीवर चहा सांडल्यासारखा एक डाग. नाव ठेवलं चिंधी.

गुणाजीइतका आळशी कुत्रीवाला मी दुसरा पाहिला नाही. रातपाळी करून तो सकाळी आठाला घरी यायचा. तिला घेऊन तीन मजले उतरायचे, पुन्हा चढायचे, हे त्याला नको असायचं. त्यानं शक्कल काढली. वरून चिंधीला जिन्यात सोडायचं. ती धडाधडा खाली येऊन माझ्या दारात उभी राहायची. मी तिला मागच्या मोकळ्या जागेत न्यायचं, तिचं उरकलं की जिन्याशी आणून परत वर पाठवायचं. मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती माझ्या दारात आली म्हणून मी तिला बाहेर नेली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि मला नाही म्हणता येत नाही.

पण हाका मारायच्या नाहीत. गिरणगावात तो एक न बोललेला कायदा होता. प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी रातपाळीचा झोपलेला असायचा, त्यामुळे सकाळी आठ ते दुपारी दोन चाळीत बायकासुद्धा भांडायच्या त्या दबक्या आवाजात. म्हणून गुणाजी लाकडी कांडीनं कठड्यावर दोनदा ठोकायचा. कांडी म्हणजे धोट्यात बसवतात ती, सूत गुंडाळायची. दोन ठोके म्हणजे सोडली. मी तिला परत पाठवताना नळाच्या पाइपावर दोन ठोके द्यायचो. म्हणजे येतेय. आमचं वर्षानुवर्षांचं बोलणं ते एवढंच.

रविवारी तो तिला पळवायचाही बसल्या जागेवरून. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भिंतीला टेकून बसायचा आणि कांडी लांब घरंगळत सोडायचा. चिंधी आणून द्यायची. लाकडावर लाकूड खडखडतं म्हणून त्यानं कांडीला चिंध्यांचे वेढे शिवून घेतले होते. खालच्या मजल्यावर ऐकू यायची ती फक्त तिची नखं. शेवंतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "ह्येंच्यासारखो दुसऱ्याचो इचार करणारो माणूस नाय, पण सगळो बसून."

माणसं गिरणीतून आली की चिंधी त्यांचे हात चाटायची. ही गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. साच्यावर चढणाऱ्या सुताला खळ दिलेली असते, आणि त्या काळी खळीत चरबी असायची. दिवसभर ते सूत हाताळून माणसाच्या बोटांना एक आंबूस, तुपकट वास बसायचा. साबणानं जायचा नाही. आम्हाला तो येतच नसे. पण चिंधीला तो वास म्हणजे आईच्या गोदामाचा वास असावा. पाळी सुटून माणसं जिना चढू लागली की ती पायरीवर बसायची आणि साचेखात्यातल्या एकेकाचा हात बोट न् बोट चाटूनच त्याला वर सोडायची. सूतखात्यातल्यांना हुंगून सोडून द्यायची. त्यावरून थट्टा चालायची की चिंधीला खातं कळतं.

मग ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला.

त्याविषयी ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहिलेलं आहे. मी चाळीपुरतं सांगतो. पहिले दोन महिने सगळे घरी म्हणून सणासारखे गेले. मग अर्धी चाळ गावी गेली. उरलेल्यांनी पावसाळा काढला तो कसा, ते आता नको. दिवसा कुणी झोपलेला नसायचा, कारण रातपाळीच नव्हती. पोरं ओरडत, बायका भांडत. तरी गुणाजी चिंधीला सोडताना हाक मारायचा नाही, कांडीच ठोकायचा. एकदा मी विचारलं, आता कुणाची झोप मोडणार आहे? तो म्हणाला, सवय गेली तर पुन्हा लावताना त्रास होईल, आज-उद्या गिरणीचा भोंगा होईलच.

चाळीची संप-समिती होती, तिचा मुख्य कोंडीराम. साताऱ्याकडचा, पहिल्या मजल्यावर राहायचा, सूतखात्यात होता. माणूस वाईट नव्हता. मालक लोकांना फोडून मागच्या गल्लीतल्या दारानं आत घेतात, असं गणपतीनंतर कानावर येऊ लागलं, तेव्हा त्यानं पहारे वाटून दिले. मागच्या गल्लीचा सकाळचा पहारा गुणाजीकडे आला, कारण कुत्री फिरवणाऱ्याचा कुणाला संशय येत नाही. गुणाजीनं तिथंही आपली सोय पाहिली. कातरणं विणून त्यानं वीस-बावीस हातांची दोरी केली होती. तिचं एक टोक मनगटाला बांधून तो बंद पानपट्टीच्या फळीवर बसायचा आणि चिंधी त्या दोरीच्या लांबीत सगळी गल्ली फिरायची. पहाराही झाला, फिरवणंही झालं, उठावं लागलं नाही.

ऑक्टोबरात मी आत गेलो.

कारणं सगळ्यांचीच सारखी होती, माझी काही वेगळी नव्हती. अंबिका, माझी बायको, दिवसांत होती आणि तिच्या अंगावर सूज आली होती. पण कोंडीरामच्या घरीही तीन पोरं होती आणि तो गेला नाही. म्हणून कारण सांगत नाही. खात्यातल्या एका साहेबानं निरोप पाठवला आणि मी गेलो, एवढंच. चाळीत सांगितलं की माझगावला गोदीत तात्पुरतं काम लागलंय, म्हणून लवकर निघावं लागतं. गुणाजी गल्लीत यायच्या तासभर आधी, उजाडायच्या आत, मी मागच्या दारानं शिरायचो आणि दिवस मावळल्यावर पुढच्या भिंतीकडून बाहेर पडायचो.

पहिल्या दिवशी परत आलो तेव्हा हात राखेनं घासले होते. जिन्याच्या तळाशी कोंडीराम आणखी दोघांशी बोलत उभा होता. वरून दोन ठोके आले. संध्याकाळी गुणाजी चिंधीला एकदा सोडायचा, ते मी विसरलो होतो.

ती खाली आली ती नेहमीसारखी माझ्या दाराकडे गेली नाही. पायरीवरच थबकली, नाक वर केलं, आणि माझ्या हातांवर तुटून पडली. नऊ महिन्यांत तिनं कुणाचा हात चाटला नव्हता, कारण कुणाच्या हाताला चाटण्यासारखं काही नव्हतं. आता ती कण्हत होती, पाठीमागून सबंध अंग हलत होतं, एक बोट झालं की दुसरं. मी हात वर घेतले तर तिनं पंजे माझ्या छातीवर ठेवले.

"काय रं लवू," कोंडीराम हसत म्हणाला, "गोदीतनं बोंबील आणलंस का काय?"

मी म्हणालो, हो, पिंपांतून मासळीच उतरवत होते आज. ते हसले आणि आपल्या बोलण्याकडे वळले. मी वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर गुणाजी उभा होता. तीन मजले उतरायचा कंटाळा करणारा माणूस, त्या दिवशी कशानं दोन मजले उतरून आला होता कोण जाणे. त्यानं चिंधी काय चाटतेय ते पाहिलं. तो साचेखात्यातला. त्याला बोंबलाचं सांगून उपयोग नव्हता.

त्यानं हलकेच जीभ टाळूला लावून आवाज केला, चिंधी वर गेली, आणि तिच्यामागून तोही गेला.

माझी त्या दिवसापुरती खात्री होती की सकाळी माझ्या दाराला काळं फासलेलं असेल आणि गजांना बांगड्या बांधलेल्या असतील. आमच्या गल्लीत दोघांच्या दारांना त्या महिन्यात बांधल्या होत्या. सकाळ झाली, काही नव्हतं. संध्याकाळी मी आलो तेव्हा वरून ठोके आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी यायच्या वेळेला गुणाजी चिंधीला घेऊन गच्चीवर जाऊन बसायला लागला होता, आणि मी खोलीत शिरून दार लावून घेतल्यावरच खाली यायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी अंबिकानं सांगितलं, गुणाजीभावजींच्या कुत्रीला काच लागली, पुढच्या पायाला पट्टी बांधलीय, मागच्या गल्लीत काचा फार म्हणून ते आता तिथं नेतच नाहीत. नेलं तर पुढच्या अंगाला, परळच्या बाजूला नेतात. आणि पहारा? पहाऱ्याला एकटे जाऊन काय करू म्हणतात, पायही दुखतात. मी त्याच्या पहाऱ्याआधीच आत शिरतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी मी काहीतरी निमित्तानं तिसऱ्या मजल्यावर गेलो. गुणाजी गॅलरीत बसून कांडी सोडत होता. पट्टी बाजूला पडली होती. चिंधी चारी पायांवर धावत होती. मला पाहिल्यावर त्यानं तिला जवळ ओढलं, पुढचा डावा पाय हातात घेतला आणि पट्टी बांधायला लागला. घाईनं नाही. दुखऱ्या पायाला बांधतात तशी, दोन बोटं आत घालून, घट्ट होत नाही ना पाहत. मग तिला सोडलं. पट्टी पायाला अडते म्हणून ती लंगडायला लागली. आम्ही दोघं ते पाहत होतो. मी म्हणालो, येतो. तो म्हणाला, बस की. मी बसलो नाही.

हे सगळं दोन महिने चाललं. डिसेंबरात कोंडीरामला दुसऱ्या चाळीतून कळलं की मागच्या दारानं रोज सकाळी पाच-सहा माणसं आत जातात आणि महिना उलटून गेला तिथं पहाराच नाही. माझं नाव त्यात नव्हतं. माझा जायचा वेळ वेगळा होता. त्या संध्याकाळी त्यानं गुणाजीला खाली बोलावलं, जिन्यासमोर, सगळ्यांदेखत. मीही होतो. गेलो नसतो तर उठून दिसलो असतो.

कोंडीराम गुडघ्यावर बसला, चिंधीचा पाय हातात घेतला आणि पट्टी सोडली. पायाच्या गादीवर ओरखडासुद्धा नव्हता. पट्टीखालचे केस मात्र विरळ झाले होते.

"काय रं हे? पाय तर धड हाय."

गुणाजीनं सुटलेली पट्टी उचलून गुंडाळायला घेतली.

"कोणाला वाट दिलीस? काय घेतलंस त्येचं?"

"कोणी काय दिल्यान नाय," गुणाजी म्हणाला. "माका कंटाळो इलो. सकाळी उठूक नको वाटता."

"कंटाळा आला म्हून कुत्रीच्या पायाला पट्टी बांधलीस?"

"व्हय."

काही माणसं हसली. त्या हसण्यानं मार वाचला असं मला वाटतं, कारण ज्याचा आळस सगळ्या चाळीला माहीत आहे त्याला मारायला हात उठत नाही. पण हसून झाल्यावर कोंडीराम उभा राहिला आणि म्हणाला की ह्याच्याशी आजपासून कुणी बोलायचं नाही, भजनात बसवायचं नाही. गुणाजी पखवाज वाजवायचा. चाळीचं भजनी मंडळ दर गुरुवारी कोंडीरामच्या खोलीत बसे आणि पखवाज गुणाजीशिवाय कुणाला येत नव्हता. त्यानं मान हलवली. चिंधी माझ्याकडे यायला ओढत होती, माझ्या हाताला वास होता. त्यानं दोरी मनगटाला तीन वेढे देऊन आखूड केली आणि तिला वर नेलं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं पट्टी माझ्यासाठी बांधली. एवढंच. ते त्या दिवशी बोललो असतो तर मला मार बसला असता, दाराला काळं लागलं असतं, अंबिकाला त्या अवस्थेत खोली सोडावी लागली असती कदाचित. आणि गुणाजी भजनात बसला असता. मी ते उद्यावर टाकलं.

उन्हाळ्यात शेवंतीवहिनी मुलांना घेऊन कायमची गावी निघाली. नळावर बायका तिच्या हंड्याला हंडा लागू देत नव्हत्या. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. अंबिका बाळाला न्हाऊ घालत होती. वहिनी उभीच राहिली.

"भावजीनू, खरा सांगा. तुम्ही त्येंच्याबरोबर असायचात. ह्येंनी काय घेतल्यानी काय कोणाकडसून?"

तिला उत्तर हवं होतं ते नवऱ्याला निर्दोष ठरवायला नव्हे. हो म्हणालो असतो तरी तिला चाललं असतं, निदान कळलं तरी असतं. मी म्हणालो, "मला काय माहीत, वहिनी." ती माझ्या हातांकडे पाहत होती असं मला वाटलं. ते खरं नसेल. ती गेली. गुणाजी गावी गेला नाही. भोंगा झाला तर हजर असावं म्हणाला.

भोंगा त्र्याऐंशीत नीट सुरू झाला, पण सगळ्यांसाठी नाही. संप मोडला हे कुणी जाहीर केलं नाही, माणसं एकेक करून दाराशी उभी राहू लागली. आम्ही आधी आत गेलेले कायम झालो. कोंडीरामला सुरुवातीला नाही, पण सहा महिन्यांनी, लेखी लिहून दिल्यावर, घेतलं. मग कुणी कुणाला कधी आत गेलास विचारेनासं झालं. सगळ्यांचेच हात पुन्हा तसे झाले. चिंधी पायरीवर बसून सगळ्यांचे हात चाटू लागली, कोंडीराम सोडून, कारण तो सूतखात्यातला. साचेखात्यातल्या फक्त एका हाताला वास नव्हता, तो ज्याची ती कुत्री होती त्याच्या.

गुणाजीला घेतलं नाही. दाराशी तो वर्षभर बसला, चिंधीच्या लांब दोरीचं टोक मनगटाला बांधून. माझं अक्षर बरं म्हणून मला तोवर हजेरीच्या खात्यात बसवलं होतं. एकदा धीर करून मी साहेबांना म्हणालो, घाडी म्हणून एक चांगला साचेवाला आहे, बाहेर बसतो. साहेबांनी वर न पाहता विचारलं, तुमचा कोण? मी म्हणालो, कोणी नाही, आमच्या चाळीत राहतो.

पुढे त्याला प्रभादेवीला एका इमारतीत वॉचमनचं काम मिळालं. खाकी कपडे मोठे व्हायचे त्याला. छातीत कफ भरायला लागला होता, जिना चढताना दर मजल्यावर थांबायचा. गुरुवारी भजन चालू असलं की तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसलेला असे. पखवाज एक नवा माणूस वाजवायचा, माटुंग्याहून यायचा, बरा वाजवायचा, पण अभंग चढायला लागला की मागे पडायचा. मी आत टाळ धरून. एकदा मंडळाचा पंचविसावा वर्धापनदिन होता. सगळे जमलेले, कोंडीराम चांगल्या मनःस्थितीत. मी टाळ खाली ठेवला आणि म्हणालो, मला एक सांगायचंय. एवढी माणसं माझ्याकडे कधी पाहत नाहीत. माझ्या तोंडून निघालं, सतरंजी एकदा बाहेर नेऊन झाडली पाहिजे. ते म्हणाले, झाडू की. भजन पुन्हा सुरू झाल्यावर मी बाहेर पडलो; त्याच्यापर्यंत गेलो नाही, पण जिन्यात उभा राहून पाहिलं. गुणाजी चिंधीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरत होता, नव्या माणसाच्या पुढे अर्धं पाऊल.

आमचे ठोके तेव्हा पुन्हा सुरू झाले होते. कसे ते मला आठवत नाही. एके सकाळी वरून दोन आले आणि चिंधी माझ्या दारात उभी राहिली. ती म्हातारी होत होती. काही वर्षांनी तिला तिन्ही मजले झेपेनात, तर गुणाजी दुसऱ्यावर येऊन बसायला लागला आणि मी पहिल्यावर चढायचो. मग तिला जिनाही जमेना. मग मी थेट तिसऱ्या मजल्यावर जायचो, तो गॅलरीच्या एका टोकाला बसायचा, मी दुसऱ्या, आणि ती मधून ये-जा करायची. डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालं होतं, म्हणून ठोक्यांच्या दिशेनं चालायची. थकायला लागली तसा तो एक दार अलीकडे सरकून बसायचा. दुसऱ्या दिवशी मी एक दार सरकायचो. दोघांनी ठरवलं काही नव्हतं. शेवटी एक्क्याण्णव सालच्या पावसात आम्ही समोरासमोर बसत होतो, मध्ये चार पावलांचं अंतर. ती त्याच्याकडून निघून माझ्याकडे यायची, माझ्या हाताला नाक लावायची. मला हजेरीखात्यात बसून सात-आठ वर्षं झाली होती, हाताला शाईशिवाय कसलाही वास नव्हता. तरी चाटायची. मग वळून त्याच्याकडे.

त्या चार पावलांत बोलायला काहीच लागत नव्हतं. पोरं शाळेत, बायका नळावर, गॅलरीत आम्ही दोघंच. एकदा मी सुरुवात केली. "गुणाजी, तेव्हा ती पट्टी," एवढंच म्हणालो आणि थांबलो.

त्यानं चिंधीचा पुढचा डावा पाय उचलला, अंगठ्यानं गादी चाचपली आणि खाली ठेवला.

"पाय बरो आसा तिचो," तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. ती गोष्ट मी अजून स्वतःला माफ करू शकत नाही. वाटायला पाहिजे होतं दुसरं काहीतरी, आणि मला हायसं वाटलं, बरं झालं त्यानं विषय मिटवला, आता बोलावं लागणार नाही.

चिंधी ऑगस्टच्या शेवटी गेली. शिवडीच्या बाजूला नेऊन पुरली, मी आणि तो. टॅक्सीवाला घेईना म्हणून हातगाडीवरून नेली, वर त्याची खाकी चादर. त्यानंतर आठवडाभर वरून ठोके नाहीत, आणि माझ्याकडे वर जायला काही कारण नाही. मग कळलं, तो गावी निघालाय. खोली भावाच्या नावावर करून दिलीय. म्हणाला असावा, आता हंय कोणासाठी बसाचा.

तो गावी गेला आणि तीन महिन्यांनी कार्ड आलं, शेवंतीवहिनीनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. दोन ओळी. गुणाजी वारला, छातीचंच. कार्ड वाचून मी सरळ पहिल्या मजल्यावर गेलो. कोंडीराम तोवर अर्धांगानं अंथरुणाला होता. त्याला सगळं सांगितलं, ऑक्टोबर, मागचं दार, खळीचा वास, पट्टी. नऊ वर्षांत प्रथमच सलग बोललो. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तोंड वाकडं करत, कष्टानं विचारलं, "कुठली कुत्री?"

एवढ्यासाठी मी थांबलो होतो.

गुणाजी गावी निघाला तेव्हा त्याला सोडायला परळच्या एसटी डेपोवर मी गेलो होतो. सकाळची गाडी होती. एक ट्रंक, एक पिशवी, आणि पखवाज गवसणीत. पखवाज मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला. मी खाली उभा. येताना मी मनात वाक्य पक्कं करून आलो होतो, त्यातला एकेक शब्द पाठ केला होता. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागे सरायला लागली तशी मी तिच्याबरोबर चार पावलं चाललो. गुणाजीनं खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, माझा हात धरायला. त्यानं चाळीच्या दिशेनं बोट केलं.

"लवू, खोलीचा दार जरा वढून घे. पावसाचा फुगता ता."

"घेतो," मी म्हणालो.